पाळन्यातली टाकी

साऱ्या चांदा जिल्ह्यात माझ्यासारखा हुशार डायवर नव्हता, हे मी कोनाच्याबी तोंडावर सांगतो. आता डायवरच तवा बोटावर मोजन्याइतके होते, अना त्यातले बाकीचे सारे मले बह्याड म्हनत, थे गोष्ट अलग.

मी सिंदेवाहीच्या मालकाची मोटार चालवो. मालगुजारी नुकतीच गेली होती. मालकाचे गावं गेले, नौकर गेले, घोडा गेला. राह्यली एक जुनी विलायती मोटार अना मी. आमाले दोघाले कोनी नेलंच नाई.

मोटार मालकाच्या बापानं आनलेली. तिच्यात बसून त्यायनं वाघ मारले म्हनत. माझ्या वेळी तिच्यात कोंबड्या बसत. दोन पावसाळे कोठ्यात उभी राह्यली अना तिची पेट्रोलची टाकी आतून गंजली. फर्लांगभर चाले, मंग नळीत लाल गाळ अडके अना उभी राहे. वरून टाकीच्या शिवनीतून पेट्रोल गळे. मी शिवनीले कपडे धुवाचा साबन थोपला. गळनं थांबलं नाई, पन मोटारीले आंघोळीचा वास लागला.

मालक म्हने, "नथ्थू, टाकी खोल अना लखारनीकडे ने."

मी म्हनलं, "मालक, टाकीले बांगड्या भरता का?"

"तू ने. अना तिथी तोंड बंद ठेवजो."

मालकाले मी दहा वर्षं ओळखो. त्यायनं मले हजार गोष्टी सांगतल्या असन. त्यातली हे एक आयकली असती त आज मी हे सांगत बसलो नसतो.

सगुनाबाई लखारीन गावाच्या बाहीर राहे, बोडीच्या पाळीवर. बोडी म्हंजे आमच्या इथलं धानाच्या पान्याचं लहान तळं, अना पाळ म्हंजे त्याचा बांध. घर एकटं, बाजूले एक मोठं मोहाचं झाड. धंदा लाखेच्या बांगड्यायचा. पळसाची लाख इस्त्यावर पिघळवाची, लांब ओढाची, वाकवाची. दुसरा धंदा टाक्यायचा. लाख पेट्रोलात इरघळत नाई, हे गोष्ट तिले माईत होती. टाकीतला गंज काढाचा, भोकाले कथलाचा डाग द्याचा, अना मंग आतून लाखेचं पानी फिरवाचं. मूलपासून नागभीडपर्यंतच्या मोटारी तिच्याकडे येत.

डागाचं काम आगुदर तिचा नवरा करे. एका दुपारी डाग देता देता टाकी फुटली अना तो गेला. तवापासून डागबी तिनंच हाती घेतला. हे मले तिच्या घरी टाकी नेनाऱ्या बंडीवाल्यानं रस्त्यात सांगतलं, अना बंडी बोडीच्या अल्याडच उभी केली. म्हने, "तुमी न्या जी पुढं. बैल बिचकतेत." बैल त मजेत रवंथ करत होते. बिचकला होता तो बंडीवाला.

टाकी डोक्यावर घेऊन मी गेलो. कुंपनाले लागून पाच-सहा टाक्या ओळीनं ठेवल्या होत्या, साऱ्या तोंडं खाली करून. शाळेत शिक्षा केलेल्या पोट्ट्यायवानी. मी शाळेत एकच दिवस गेलो, पन तेवढं पाह्यलं होतं.

बाई दारात बसली होती. वाळकीशी, पन्नाशीची. उजवा कान तांबडा. मले वाटलं काई दुखनं असन. मंग समजलं का तो गंज होता. साऱ्या टाक्यायले कान लावू लावू तो रंग धुतल्यानं जातच नव्हता.

तिनं मले पाह्यलं नाई. टाकी पाह्यली. हुंगली. पालथ्या बोटानं टनटन वाजवली अना तांबडा कान लावला. लय वेळ.

मी म्हनलं, "बाई, रिकामी आहे. सारं पेट्रोल काढून आनली."

म्हने, "म्हूनच त आयकून राह्यली. भरली टाकी गाय असते. रिकामी टाकी वाघीन."

"अना तोंडं खाली काऊन ठेवले?"

"उपाशी तोंड उघडं ठेवू नये."

आता एवढ्यात शहाना मानूस टाकी ठेवून घरी आला असता. मी बसलो.

तिची रीत अशी. पह्यले टाकीत बोडीचे गोटे अना सोड्याचं गरम पानी टाके. मोहाच्या फांदीले दोरानं एक लाकडाचा पाळना बांधला होता, खराखुरा, लेकराचा. त्याच्यात टाकी निजवे, वरून फडकं बांधे, अना दोरी ओढत बसे. आत गोटे घरंगळत, घर्र इकडून, घर्र तिकडून, गंज खरवडून काढत. दोन दोन घंटे. हात चाले तसं तिच्या नाकातून एक गुनगुन निघे. गानं नाई, शब्द नाई. धान निंदायले जानाऱ्या बाया तेवढा तुकडा पदर घट्ट धरून पार करत. पोरसोर कोनी तिकडे फिरके नाई. तिले लेकरू नव्हतं. पाळना मातर जुना होता, कडा घासलेल्या. कोनासाठी केला होता थे मी कधी इचारलं नाई. मी दुनियाभरचं इचारतो, थे नाई इचारलं.

मंग टाकी धुवाची अना मोहाखाली सपाट जागी ठेवून गळ्यापर्यंत पान्यानं भराची. लाल लोखंड आनाचं त त्याच्यानंतर. गंजाच्या पापुद्र्यात पेट्रोल लपून राह्यते, त्याची वाफ रिकाम्या जागेत जमा होते, अना लोखंड लागलं का टाकी फुटते. पान्यानं जागाच राहू द्याची नाई, म्हंजे वाफ बसन कुठी? आमच्या टाकीले सात गुंड, म्हंजे सात हंडे, पानी लागे.

पन डाग द्याच्या आगुदर अजून एक काम राहे. बाई टाकीच्या तोंडाशी वाके अना हळूच म्हने, "आयकलं का जी?"

नवऱ्याचं नाव बाया घेत नाईत. त्यायले अशीच हाक मारतेत.

मंग कान लावे. पान चघळून संपन इतका वेळ. टाकी मुकी राह्यली त लोखंड घे. अना कधी कधी, हे मी माझ्या कानानं आयकलं, टाकीतून 'टन' असा आवाज ये. एकच. त्या दिवशी डाग नाई. मानसायनं कितीबी घाई केली तरी नाई. एकदा लाकूड ठेकेदाराचा मुनीम लय ओरडला, म्हने, पत्रा उनानं तापला का वाजतेच. बाई म्हने, "हाव. वाजते. तुमी द्या मंग डाग." मुनीम दोन पावलं मांगं सरकला. मीबी सरकलो, अना मले कोनी म्हनलंबी नव्हतं.

डाग झाला, टाकी चार दिवस उनात वाळली, का मंग लाख. लाख इरघळवाले तिले कडक दारू लागे. मोहर्लीकडचा एक गोंड मामा तीनदा गाळलेली मोहाची आनून दे अना बायकोसाठी बांगड्या घेऊन जाय. थे बाटली बाईनं माझ्या हवाली केली अना लाख कुटाले घरात गेली. मांजरीच्या हवाली दूध.

मी अर्धी पेलो. अना हुशार मानूस म्हून तेवढंच पानी वरून टाकलं.

लाख टाकल्याबरोबर सारं फाटलं, नासलेल्या दुधावानी. पांढरे गोळे. बाईनं बाटलीकडे पाह्यलं, मंग माझ्याकडे. मी तवा मोहाले टेकून उभा होतो, मोह मले टेकला होता म्हना. फाटलेली लाख तिनं मातीत ओतली. पाळन्याची दोरी माझ्या हाती दिली अना मले दिवस बुडेपर्यंत दुसऱ्याची टाकी झुलवाले लावली. त्या दिवशी माझं डोकं आत घर्र घर्र करे, तिकडे टाकी घर्र घर्र करे. अना एक वेळ अशी आली का मी दोरी सोडून दिली होती, अना पाळना तरी झुलून राह्यला होता. हवा नव्हती. पानबी हालत नव्हतं. दारूचं असन. मी आजबी म्हनतो, दारूचं असन.

मामानं दुसरी बाटली आनल्यावर टाकी मातर अशी झाली का मोटार दोन साल चालली. मंग दुसरी शिवन फुटली, मी परत गेलो. मंग मालकाच्या पाहुन्यायच्या टाक्या, मंग ठेकेदाराच्या ट्रकच्या. मी बाईचा ठरलेला पानक्या झालो. गुंड आनून टाकी भराचं काम माझं. पह्यले थे माझ्या पान्याचा भरोसा करे नाई. बोटानं वाजवून सांगे, "एक गुंड कमी आहे." अना खरंच एक कमी राहे. मी दर वेळी एक कमी टाको, पाहाले, का हिले समजते का. तिले दर वेळी समजे. मी खेळत होतो, थे नव्हती. हे मले बारीकशी गोष्ट समजाले चार वर्षं लागले.

त्या मधातलीच एक भर दुपार. ऊन असं का सावलीबी पोळे. भरलेली टाकी दोन दगडायवर ठेवली होती अना मी तिच्या मांगं गवतात आडवा पडलो होतो. बाईले वाटलं मी घरी गेलो. थे आली, वाकली, म्हने, "आयकलं का जी?"

टाकीची खालची नळी माझ्या तोंडापाशीच होती, बूच लावलेली. माझ्या अंगात काय आलं माईत नाई. मी पत्र्याले तोंड लावलं अना जाड आवाज काढून म्हनलं, "हाव."

मले वाटलं थे दचकन, मी हासन, थे मले दगड फेकून मारन, झालं.

थे दचकली नाई. टाकीखालून मले तिचे पायच दिसत होते. थे हलले नाई. मंग तिनं डोक्यावरून पदर घेतला असन, कारन बांगड्या वाजल्या. म्हने, "जेवून घ्या."

अना घरात गेली. ताट घेऊन आली. भात, वरन, वर अंबाडीची भाजी. टाकीच्या तोंडापाशी ठेवलं अना मांगं न पाहता परत गेली.

मी सकाळपासून उपाशी होतो. लग्नात मी दुसऱ्याच्या पत्रावळीवरचं उचलतो, मले लाज नाई. पन त्या ताटाले हात लावाची हिंमत झाली नाई. मोहावर पाच कावळे बसले होते. भात उघडा, मानूस कोनी नाई, अना एकबी कावळा खाली उतरला नाई. दिवस कलेपर्यंत मी गवतात पडून होतो, घामानं भिजलेला, कावळ्यायची वाट पाहत. मंग रांगत निघालो. त्या दिवशी तिनं डाग दिला नाई. टाकी बोलली होती ना.

मी तिले खरं सांगतलं नाई. आज सांगीन, उद्या सांगीन. डायवर लोकायले मातर सांगो, अना सारे हासत. ताटाचं नाई सांगतलं.

मंग तो वैशाख आला. बोडी तळापर्यंत आटली, चिखलाले भेगा. इहीर दिवसाले दोन गुंड दे. पानी आनाले पाव कोस जा लागे, दुसऱ्याच्या इहिरीवर. टाकी आमच्याच मोटारीची होती, वरच्या शिवनीले भोक. मालकाले मोटार विकाची होती, घेनारा नागपूरवरून दोन दिवसानं येनार होता. मी पाच गुंड आनले. माझे पाय पोळले. दोन राह्यले.

अना तवा मले हुशारी सुचली. टाकीच्या एका अंगाले एक दगड सरकवला. टाकी कलली, गळ्याची बाजू खाली झाली, पानी गळ्यापर्यंत आलं. पाहनाऱ्याले भरलेली. मी माझीच पाठ थोपटली.

बाई लोखंड तापवून आली.

"भरली?"

"भरली, बाई."

"गळ्यापर्यंत?"

"डोळ्यानं पाहा."

तिनं पाह्यलं. वाकली, म्हने, "आयकलं का जी?" कान लावला. टाकी मुकी. त्या दिवशी तिनं बोटानं वाजवलं नाई. चार वर्षात पह्यल्यांदा तिनं माझ्या पान्यावर भरोसा केला होता.

लोखंड लाल होतं. भोक टाकीच्या वर आलेल्या अंगाले होतं. लोखंड अना भोक याच्यात बोटभर जागा राह्यली असन.

बाई थांबली.

आपल्याले मांगून कोनी पदर धरला त आपन जशी मान वळवतो, तशी तिनं मान वळवली. मांगं कोनी नव्हतं. मी समोर होतो. माझं तोंड बंद होतं, हे मी आईची आन घेऊन सांगतो. टाकीबी वाजली नव्हती.

थे म्हने, "हाव जी."

अना लोखंड बाजूच्या घमेल्यातल्या पान्यात बुडवलं. चुर्र झालं.

मंग तिनं टाकीखाली पाह्यलं नाई, हात घातला नाई. सरळ त्या दगडाले लाथ मारली, कुठी आहे हे जसं माईतच होतं. टाकी सपाट बसली. गळ्यातलं पानी गटकन आत गेलं, गुडगुड झाली, अना तोंडातून एक लांब श्वास बाहीर आला. माझ्या गालाले लागला. गरम, पेट्रोलचा.

बाईनं एका लांब बांबूच्या टोकाले जळती काडी बांधली, मले मोहामांगं ढकललं, अना काडी दुरून तोंडापाशी नेली. भक्क करून निळा जाळ हातभर उठला. आतून आवाज आला, मानूस गुदमरून खोकलते तसा. मंग शांत.

मी खाली बसलो.

मंग मी इचारलं, "तुमाले कसं समजलं?"

थे माझ्याकडे न पाहता म्हने, "असाच दगड होता. असाच वैशाख. सात गुंड लागत, मी पाच आनले होते. त्यायनं इचारलं, भरली का? मी म्हनलं, भरली जी."

माझ्या तोंडाले बाप्पानं चोवीस घंटे चालनारी जीभ देल्ली आहे. तवा थे नको थेच बोलली. मी म्हनलं, "बाई, त्या साली टाकीतून 'हाव' म्हननारा मी होतो."

"माईत आहे."

"माईत आहे?"

"त्यायचा आवाज असा पोट दुखल्यावानी नव्हता."

"मंग ताट काऊन वाढलं?"

थे घमेल्यातलं लोखंड काढून पदरानं पुसत होती. म्हने, "वाढाले मिळालं म्हून वाढलं. नाईतर मी कोनत्या निमित्तानं वाढू?"

त्या दिवशी दोन गुंड तिनंच आनले. डाग दिला. मोटार इकल्या गेली अना मी ठेकेदाराच्या ट्रकवर लागलो.

मंग तिची भेट एकदाच झाली, दोन सालानं. ट्रकची टाकी घेऊन गेलो होतो. थे आता वाकली होती. पाळन्याची दोरी बदलली होती. मले पाहून म्हने, "ये नथ्थ्या, बस," अना चहा देल्ला, गुळाचा. मंग डोक्यावर गुंड घेऊन निघाली. ट्रकची टाकी मोठी, बारा गुंडाची. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीले बोडीच्या पाळीवर चढता चढता थे थांबली, गुंड एका हातानं धरला, दुसरा हात गुडघ्यावर, अना कान कुठी तरी लावल्यावानी मान कलती करून उभी राह्यली. इतका वेळ उभी राह्यली का मले वाटलं, आता काई थे चढत नाई. मंग चढली.

माझ्याच्यानं पाहवलं नाई. मी उठलो, धावत गेलो अना तिच्या डोक्यावरचा गुंड धरला. म्हनलं, "द्या बाई. बारा म्हनले त बारा आनतो. मोजून घ्या, वाजवून घ्या."

तिनं गुंड सोडला नाई. म्हने, "हात काढ, नथ्थ्या. खोटं पानी भरनारं मानूस या घरी एक आहे. दुसरं नाई पाह्यजे."